चित्रांचा परवाना

कोल्हार
१४ जुलै २०२५

रेश्मा,

‘प्रिय’ लिहिलं, खोडलं, आणि खोडलेलं दिसू नये म्हणून नवा कागद घेतला. ते आता इथे सांगून बसले, म्हणजे कागद वाया गेला तो गेलाच.

तुझ्या जुन्या नंबरावर आता कोपरगावचा एक माणूस फोन उचलतो. मी तीनदा लावला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “बाई, ती रेश्मा सापडली का?” आवाजात खरीच काळजी होती. त्या आठवड्यात मला कुणी काही विचारलं असेल तर तेवढंच, म्हणून डायरीत लिहून ठेवलं.

लिहिण्याचं कारण कामाचं आहे. संस्थेच्या पत्त्यावर केरळमधल्या एका गृहस्थांची मेल आली. तेही आपल्यासारखंच शाळांसाठी फुकट सॉफ्टवेअर गोळा करतात आणि वाटतात. त्यांना आपली ‘पाटी’ हवी आहे. आपण एक्केचाळीस गावांतल्या शाळांच्या जुन्या संगणकांवर घातलेला हा मराठी प्रोग्राम अजून कुणाच्या उपयोगाचा असेल असं मला वाटलं नव्हतं. ते लिहितात की प्रोग्रामचा परवाना दिसतो, पण त्यातल्या आयकॉनचा, म्हणजे तुझ्या चित्रांचा, परवाना कुठेच दिसत नाही. काही चित्रं पोर्तुगालमधल्या एका चित्रकाराच्या मुक्त संचावरून केलेली वाटतात. तसं करायला त्या चित्रकाराची परवानगीच आहे, फक्त त्याचं नाव ठेवायचं, आपण काय बदललं ते लिहायचं, आणि आपला संच पुढे त्याच अटींवर द्यायचा. हे लिहिलेली फाईल नक्की असणार, ती पाठवाल का, असं त्यांनी विचारलंय.

त्यांनी चोरी हा शब्द कुठेही वापरलेला नाही. तो मी वापरला होता.

त्या बैठकीचं तुला सांगायला नको, पण मला एकदा लिहून बघायचंय, कारण माझ्या डायरीत ती फार थोडक्यात आहे. २२ जून २०१९, शनिवार. संस्थेच्या खोलीत पंचवीस-तीस शिक्षक होते. पुण्याहून आलेल्या पाहुण्या इंजिनिअरने स्वतःच्या लॅपटॉपवर तो परदेशी संच उघडला, आणि त्यातलं घर, भिंग, पाना सगळं तुझ्या चित्रांसारखंच निघालं. मी उभी राहून विचारलं, “रेश्मा, ही चित्रं तू काढलीस की घेतलीस?” तू म्हणालीस, “काढली बी अन् घेतली बी. लिवलंय की तसं.” कुठे, म्हणून मी विचारलं. तू संगणकापाशी गेलीस, फोल्डर उघडलंस, खालीवर केलंस. फाईल नव्हती. मग तू माझ्याकडे पाहिलंस. मी सगळ्यांसमोर म्हणाले, “याला आमच्याकडे चोरी म्हणतात.” तू “असंल मग” म्हणालीस आणि चप्पल घालून गेलीस.

डायरीत त्या दिवशी एकच वाक्य आहे : ‘अवघड होते, पण योग्य तेच केले.’

गेल्या आठवड्यात जुन्या बॅकपची सीडी शोधली. आता संगणकाला सीडीची जागा नसते, म्हणून लोणीच्या एका फोटोवाल्याकडे जाऊन उघडली. तुझी फाईल त्यात आहे, तुझ्या नावाने, डिसेंबर २०१८ ची. एकशे शहाऐंशी चित्रं आणि एकशे शहाऐंशी ओळी. वर त्या चित्रकाराचं नाव, त्याच्या परवान्याचं नाव, त्याखाली तुझं. ‘घर : मूळ चित्र घेतलं, दार काढलं, शिंगणापूरच्या मावशीच्या घराला दार नाही.’ ‘जतन करा : स्वतः काढलं, कणगी.’ ‘कचरा : स्वतः काढलं, उकिरडा, आई म्हणाली त्यात खत दिसलं पाहिजे.’ फोटोवाला शेजारी उभा होता. मी वाचत होते आणि तो म्हणाला, मॅडम, प्रिंट काढू का?

सगळ्या फाईली एकत्र करून पाटीची बांधणी करताना ती फाईल राहून गेली असावी. हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

दया उजगरे

०

कोल्हार
३ ऑगस्ट २०२५

रेश्मा,

पहिलं पत्र तुला मिळालेलं नाही. ते माझ्याकडेच परत आलं आहे, आणि त्याचं कारण तुझी आई.

तुझा पत्ता माहीत नव्हता म्हणून काल पुणतांब्याला गेले. साळूबाई पडवीत पेरू निवडत बसल्या होत्या, मोठे एका क्रेटमध्ये, डागी दुसऱ्यात. मी नाव सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, “दया म्हंजी त्या कोल्हारच्या. खऱ्याच्या.” मी हो म्हणाले. “तुमच्या खऱ्यापायी माझी पोर वापीला ग्येली. डब्यावर चिकटवायच्या चिठ्ठ्यांच्या कंपनीत हाय. रंगाचा डबा भाचीला दिऊन टाकला.”

पत्ता त्यांनी दिला नाही. पत्र गोरक्ष नेईल, म्हणाल्या, तुझा भाऊ पेरूचा टेम्पो घेऊन तिकडे जातो तेव्हा. पण त्यात काय आहे ते कळल्याशिवाय नाही. “मला वाचाया येत न्हाई. तुमीच वाचून दावा.”

मी तुझ्या आईला ते पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. डायरी लिहायला लागून तीस वर्षं झाली, पण माझंच लिहिलेलं मी कधी कुणापुढे वाचलेलं नाही. आवाजात वाचताना वाक्यं वेगळीच होतात. कोपरगावच्या माणसाचं आलं तेव्हा मला ते उगीच वाटलं आणि मी ते गाळणार होते, पण त्या हसल्या, म्हणून गाळलं नाही. शेवटाला आले. ‘फाईल राहून गेली असावी.’ त्यांचा हात थांबला.

“राहून ग्येली? पाय हुते का तिला?”

त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, नीट घडी घातली आणि माझ्या पिशवीत ठेवलं. “ह्ये नुसतं लांबवलंय. चुकलं का न्हाई तेवढं लिवून आना. मग दीन गोरक्षाकडं.”

तर लिहिते. फाईल राहून गेली नाही. मी ती काढली.

पाटीची पहिली बांधणी मी एकटीने केली, हे तुला माहीत आहे. प्रोग्रामचा परवाना वरच्या फोल्डरमध्ये होता. तुझ्या चित्रांचं फोल्डर उघडलं तर तिथे दुसराच परवाना, दुसऱ्या नावाचा, दुसऱ्या अटींचा. एकाच सॉफ्टवेअरला दोन परवाने हे मला गैर वाटलं. माझे वडील तहसील कचेरीत कारकून होते. कागदाला कागद छेद देत असेल तर एक खोटा असतो, असं ऐकतच मी मोठी झाले. म्हणून वरचा एक ठेवला आणि खालचा काढला. कुणाला विचारलं नाही. विचारायचं तुला होतं, आणि तू त्या आठवड्यात धाकट्या भाचीच्या बारशाला गेली होतीस.

आता सगळं शोधून वाचलं. प्रोग्राम आणि त्यातली चित्रं या दोन वेगळ्या वस्तू आहेत. प्रोग्राम ती चित्रं दाखवतो म्हणून प्रोग्रामचा परवाना चित्रांना लागू होत नाही, आणि चित्रांचा प्रोग्रामला होत नाही. दोघांचे कागद शेजारी शेजारी ठेवायचे असतात, एवढंच. एक काढला तर ज्याचा काढला त्याची परवानगीच संपते. म्हणजे सहा वर्षं एक्केचाळीस शाळांत परवानगीशिवाय चित्रं चालली ती तुझ्यामुळे नव्हेत. तू परवानगी घेऊन लिहून दिली होतीस. परवानगीशिवाय वाटली ती मी.

वडील असते तर म्हणाले असते, अगं, सातबाऱ्यावर एकाच गटात किती जणांची नावं असतात, आणि ‘इतर हक्क’ हा रकाना काय शोभेला असतो का? मी तो रकानाच फाडून टाकला.

यादी मी तेव्हा वाचलेली नव्हती. वाचली असती तर असं झालं नसतं.

दया

०

कोल्हार
२४ ऑगस्ट २०२५

रेश्मा,

दुसरं पत्रही माझ्याकडेच आहे. साळूबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं. सातबाऱ्याचं त्यांना पटलं. “व्हय, आमच्या गटात सात नावं हायेत, त्यातली दोन मेल्याली.” मग त्यांनी विचारलं, “अन् शाळेला लिवल्याल्या कागदाचं ह्याच्यात कुटं हाय?”

मला वाटलं होतं तुम्हाला त्या कागदाचं माहीत नसेल. तुम्ही सगळे ते सहा वर्षं जाणता आणि मी एकटीच ते लपवून बसले होते.

आज रविवार. प्रार्थनेला जाऊन आले, जेवले, भांडी घासली, आणि दुपारभर टेबलाशी बसले आहे. आई गेल्यापासून दुपारी घरात आवाज होत नाही. पूर्वी ती दर थोड्या वेळाने आतून विचारायची, काय लिहितेस गं एवढं? मी काही नाही म्हणायचे. आता कुणी विचारत नाही, तर खरं लिहायला हरकत नाही.

आधी दुसऱ्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं होतं, ते सांगते. ते लिहून झाल्यावर मी २०१८ ची डायरी काढली, माझं म्हणणं पक्कं करायला. १९ डिसेंबरच्या पानावर आहे : ‘रेश्माची लांबलचक यादी काढून टाकली. घराचं दार काय, उकिरडा काय. कोण वाचणार.’

म्हणजे मी वाचली होती. दाराचं आणि उकिरड्याचं मला त्या दिवशीही माहीत होतं.

दोन परवान्यांचं मी तुला लिहिलं ते खोटं नाही, पण ते अर्धं आहे. उरलेलं अर्धं असं की पाटी तयार करायला मला सव्वा वर्ष लागलं, आणि आधी चाचणीला दिलेल्या कच्च्या पाटीबद्दल शाळांतून फोन यायचे ते चित्रांसाठी. फ्लॉपी काय असते हे पोरांना माहीत नाही, पण कणगी माहीत आहे, तुमच्या त्या रेश्माबाईंना सांगा फार छान, असं मला रोज कुणीतरी सांगायचं. प्रोग्राम चालतो याबद्दल कुणी कधी फोन केला नाही. चालत असलेल्या गोष्टीबद्दल कोण फोन करतं? मला वाईट वाटायचं आणि वाईट वाटल्याचं वाईट वाटायचं. डायरीत याबद्दल एक अक्षर नाही. मी डायरीतही नीटनेटकी असते.

मग ती बैठक. तू “लिवलंय की” म्हणालीस आणि फोल्डर उघडलंस, तेव्हा मला आठवलं का? गेले तीन आठवडे मी स्वतःला हे विचारतेय. पूर्ण आठवलं असं म्हणता येणार नाही. काहीतरी काढलं होतं एवढं आठवलं, आणि तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा ते आणखी जवळ आलं. मी चार पावलं चालून जाऊन सीडी आणू शकले असते, ती तिथेच कपाटात होती. पण मी तोपर्यंत उभी राहिले होते, प्रश्न विचारून झाला होता, सगळे माझ्याकडे पाहत होते. माझं खरं असायला हवं होतं.

आणि तो कागद. त्या सप्टेंबरात शाळेने तुला चित्रकला शिक्षक म्हणून घ्यायचं ठरवत आणलं होतं आणि संस्थेकडे तुझ्याबद्दल पत्र मागितलं. संस्था चालवतात कल्याण सर, पण ते म्हणाले, मॅडम, तुम्ही लिहा, तुम्ही मोजून लिहिता. मी मोजूनच लिहिलं. तू वक्तशीर आहेस, मुलांत रमतेस, हात चांगला आहे. आणि एक वाक्य : ‘मात्र चित्रांचे मूळ स्रोत नमूद करण्याबाबत त्यांच्याकडून दक्षता घेतली गेलेली नाही.’ शाळेने तुला नको म्हणून कळवलं. ते वाक्य लिहिताना सीडी माझ्यापासून हातभर लांब होती आणि ती बघायला नको हे मला माहीत होतं. बघायला नको हे ज्याला माहीत असतं त्याला बाकीचंही माहीतच असतं.

चुकलं. तुझ्या आईने एवढंच लिहायला सांगितलं होतं.

आता काय करायचं त्याबद्दल कल्याण सरांकडे गेले होते. ते वाईट माणूस नाहीत, तुला माहीत आहे. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकलं आणि म्हणाले की याच्यावर सोपा उपाय आहे, दुसरा एखादा फुकट संच टाकू. तुझी चित्रं काढून टाकली की तुझ्या परवान्याची अटच राहत नाही. वाटलीच नाहीत तर कुणाचं नाव लिहायचा प्रश्न कुठे येतो? केरळच्या माणसाला कळवायचं, चित्रं बदलली आहेत. कुणाला काही सांगायला नको.

त्यांचं म्हणणं नियमाने बरोबर आहे. मी तपासलं. मला ते जितकं बरोबर वाटलं तितकी मला भीती वाटली. मी म्हणाले, “सर, मग ती चोर राहील आणि चित्रंही जातील.”

ते म्हणाले, “मॅडम, सहा वर्षं झाली. कुणाच्या लक्षात तरी आहे का ते?”

“पुणतांब्यात आहे.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, ठेवायचीच असतील तर ठेवा, पण ‘तांत्रिक कारणाने फाईल वगळली गेली’ असं लिहा, आणि जे लिहाल त्यात संस्थेचं नाव नको. मी फक्त शेवटची अट मान्य केली.

हे पत्र साळूबाईंना उद्या वाचून दाखवेन. या वेळी पिशवीत परत येणार नाही असं वाटतं, आणि तेच मला नकोसं झालंय. तीन आठवडे मी कुणाकडे तरी जात होते.

दया

०

कोल्हार
९ सप्टेंबर २०२५

रेश्मा,

तिसरं पत्र गोरक्षने नेलं, पहिली दोन्हीही त्याच पाकिटात घालून. साळूबाई म्हणाल्या, “खोटं बी दिसू दे तिला, मागून खरं कसं आलं त्ये कळंल.” ते वाचून झाल्यावर त्या उठल्या. मग आत जाऊन पाणी आणलं. याआधी दोनदा गेले तेव्हा पाणी विचारलं नव्हतं.

तुझं उत्तर यावं म्हणून हे लिहीत नाही. जे केलं त्याची माहिती तुला असायला हवी, म्हणून.

फाईल परत ठेवली. तिच्यातला शब्दही बदलला नाही, तुझ्या ‘ऱ्हस्व-दीर्घा’च्या चुकासुद्धा तशाच आहेत. त्या दुरुस्त कराव्यात असं हाताला वाटलं, हात आवरला. चित्रांच्या फोल्डरमध्ये चित्रांचा परवाना, प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये प्रोग्रामचा.

त्या चित्रकाराच्या परवान्यात अट आहे की संचात ज्याने बदल केला त्याने तो सांगितला पाहिजे. मी वाचत होते तुझ्यासाठी, तुझ्याकडून काही राहिलं नव्हतं ना हे बघायला. तुझ्याकडून राहिलं नव्हतं. मग लक्षात आलं की संचातून फाईल काढणं हाही बदलच आहे आणि तो करणाऱ्याने लिहिलेला नाही. ती अट मला लागू होती. सगळ्यांत आधी मलाच.

त्या एका ओळीला चार दिवस गेले. ‘फाईल काढली गेली होती.’ कुणी? ‘नजरचुकीने काढली.’ नजर चुकली नव्हती, डायरी साक्षीला आहे. ‘गैरसमजातून काढली.’ हे अर्धं खरं, आणि अर्ध्या खऱ्याचं काय होतं ते तुझ्या आईने मला दाखवलंय. पडवीत बसून वाचायची आहे असं समजून शेवटी लिहिलं : ‘१९ डिसेंबर २०१८ : ही यादी व परवाना दया उजगरे यांनी वाचून काढून टाकला. रेश्मा धनवटे यांनी तो दिलेला होता. ८ सप्टेंबर २०२५ रोजी परत ठेवला.’ यापुढे हा संच जिथे जाईल तिथे ही ओळ जाईल. केरळात गेलीच आहे. त्या गृहस्थांनी आभार मानले आणि लिहिलं की भाषांतर करून वाचली, इतकी तपशीलवार यादी त्यांनी कधी पाहिली नाही, उकिरड्याचं त्यांना फार आवडलं.

एक्केचाळीस शाळांना पत्र पाठवलं, जे बैठकीत म्हणाले ते चूक होतं आणि का, हे नाव घालून. बरेचसे शिक्षक बदलून गेलेत. आठवडाभरात तीन उत्तरं आली. एकाने ‘ओके’ लिहिलंय. एकाला प्रिंटरचा पासवर्ड हवा आहे. तिसऱ्या बाई त्या बैठकीला होत्या. त्यांनी लिहिलंय, ‘मला तेव्हाच वाटलं होतं, पण तुम्ही इतक्या खात्रीने बोललात.’

त्या शाळेत स्वतः गेले. मुख्याध्यापक नवे आहेत. त्यांनी २०१९ ची फाईल शोधायला लावली. माझं पत्र सापडलं, माझं अक्षर, कोपऱ्यात टाचणीचा गंज. मी नवं पत्र दिलं, आधीचं वाक्य असत्य आहे आणि ते मी माहीत असून लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी मागायला आले आहे आणि ते अजून त्यांच्या लक्षात येत नाही. मग आवक शिक्का मारून जुन्या पत्रावर लावून ठेवलं. जागा केव्हाच भरली आहे. चित्रकलेचे शिक्षक व्हरांड्यात मुलांना पुठ्ठे वाटत होते. माणूस बरा वाटला. त्यांचा यात काय दोष?

तुझी नोकरी मला परत ठेवता आली नाही. फाईल परत ठेवता येते.

दया

०

कोल्हार
५ ऑक्टोबर २०२५

रेश्मा,

हे पत्र साळूबाईंकडे नेणार नाही. हे डायरीतच राहील, पण तुला उद्देशून लिहायची सवय झाली आहे.

बुधवारी संस्थेच्या पत्त्यावर तुझी मेल आली. नाव पाहिलं आणि आधी उठून दाराची कडी लावली, कुणी येणार नसताना. मग उघडली. तीन ओळी.

‘फाईल पाहिली. यादी बरोबर आहे. शेवटची ओळ काढावी. – रेश्मा धनवटे’

शेवटची म्हणजे माझ्या कबुलीची असेल असं मला आधी वाटलं, आणि खरं सांगते, क्षणभर बरं वाटलं. मग कळलं. मी लिहिलेली ओळ यादीच्या बाहेर आहे, सगळ्यांत खाली, नोंदींमध्ये. तुझ्या यादीची शेवटची ओळ तुझीच आहे.

ती मी तुला एकाही पत्रात लिहिली नव्हती. एकशे शहाऐंशी चित्रं आणि एकशे शहाऐंशी ओळी असं लिहिलं, ते चूक होतं. ओळी एकशे सत्त्याऐंशी आहेत. साळूबाईंना सांगतानाही मी ती वगळली. लोणीच्या फोटोवाल्याकडे मी वाचता वाचता थांबले होते ती त्या ओळीपाशी, ‘घर’पाशी नाही. ‘ही यादी अशी लिहायची हे मला दयाताईंनी शिकवलं. त्यांच्यामुळे मी हे काम खरेपणाने करू शकले.’

शिकवलं होतं. पहिल्याच महिन्यात, तू माझ्या टेबलाच्या उजव्या बाजूला खुर्ची ओढून बसायचीस तेव्हा. मी म्हणाले होते, कुणाचं काही घेतलं तर त्याच्यासमोर त्याचं नाव लिहावं. तू वहीत उतरवून घेतलंस. आपण दोघींनी पोर्तुगालच्या त्या माणसाचं नाव कसं उच्चारत असतील यावर अर्धी दुपार घालवली होती. ती खुर्ची अजून उजवीकडेच आहे, तिच्यावर मी कपडे टाकते.

त्या डिसेंबरात यादी काढून टाकताना ती ओळही मी वाचली होती.

आणि या सप्टेंबरात फाईल परत ठेवताना ती ओळ ठेवायला मला आवडलं. शब्दही बदलला नाही असं तुला मोठ्या तोंडाने लिहिलं त्यात हेही होतं. जशीच्या तशी ठेवायची अट आहे, म्हणून ठेवली, असं मी स्वतःला सांगितलं. केरळात, आणखी कुठे कुठे, कुणीतरी वाचेल की दयाताईंनी शिकवलं. नोंदीत खाली काय लिहिलंय तेही वाचेल, पण वर हे असेल. सगळं कबूल करून एवढं मी स्वतःपाशी ठेवलं होतं, आणि तू बरोबर तेवढंच मागितलंस.

दोन दिवस परवाना वाचत बसले. आभाराची ओळ ही नाव देण्याच्या अटीत येते का, ती काढता येते का, असं. किती हुशार असते मी. ती ओळ तुझी आहे. लिहिणाऱ्याने काढ म्हटलं तर कुणाची परवानगी लागत नाही.

कल्याण सर म्हणाले, “राहू द्या हो, एवढं कोण बघतंय.” मी म्हणाले, “ती.”

काल ओळ काढली. नोंद केली : ‘४ ऑक्टोबर २०२५ : यादीची शेवटची ओळ लेखिकेच्या सांगण्यावरून काढली. दया उजगरे.’ तुला उत्तर लिहिलं. पहिलं बरंच मोठं झालं. दुसऱ्यात तब्येतीची चौकशी होती. तिसऱ्यात ‘ताई’ म्हणून सही केली होती. पाठवलं ते असं : ‘काढली आहे.’

‘यादी बरोबर आहे’ असं तू लिहिलंस. त्यातल्या खालच्या नोंदीही तू पाहिल्या असशील. त्या बरोबर आहेत असाही त्याचा अर्थ घेता येईल का, हे मी तुला विचारणार नाही.

आज सकाळी चर्चला जाण्याआधी फाईल पुन्हा उघडून मोजली. आता एकशे शहाऐंशी ओळी आहेत. वर तुझं नाव आहे. खाली माझ्या दोन नोंदी, दोन्ही काढून टाकल्याच्या.

दया